बाईने वजन का उचलावे

चाळिशी ओलांडलेल्या बाईला व्यायामाचा सल्ला मिळतो तो बहुधा दोनच शब्दांचा असतो : रोज चाला. दवाखान्यात तेच सांगतात, शेजारणी-मैत्रिणी तेच सांगतात, आणि सल्ला चुकीचाही नाही. चालण्याने हृदयाला बळ मिळते, रक्तदाब आणि साखर ताब्यात राहायला मदत होते, झोप लागते, मन मोकळे होते, आणि खर्च काहीच नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या संशोधकांनी २०२२ सालाचा जो अंदाज मांडला त्यानुसार भारतातल्या सुमारे ५७ टक्के प्रौढ स्त्रिया आरोग्यासाठी आवश्यक तेवढी किमान हालचालसुद्धा करत नाहीत. पुरुषांत हे प्रमाण ४२ टक्के आहे. अशा देशात चालायला बाहेर पडणाऱ्या एकाही बाईला नाउमेद करू नये. पण तिला अर्धीच गोष्ट सांगितली जाते, हेही स्पष्ट बोलायला हवे. त्याच संघटनेच्या २०२० च्या शिफारशींना दोन भाग आहेत. आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटे जोरकस हालचाल, हा पहिला. आठवड्यातून किमान दोन दिवस अंगातल्या सगळ्या मोठ्या स्नायूंना ताण देणारा ताकदीचा व्यायाम, हा दुसरा. पहिला भाग सर्वतोमुखी झाला, दुसरा बायकांपर्यंत जवळजवळ पोहोचलाच नाही. या प्रकरणात मला एवढेच म्हणायचे आहे की स्त्रीच्या शरीराची घडण आणि तिच्या आयुष्यातले टप्पे पाहिले, तर हा राहून गेलेला दुसरा भागच तिच्यासाठी जास्त निकडीचा आहे.

सुरुवात हाडांपासून करू. हाड हा निर्जीव सांगाडा नव्हे. त्यात जुने हाड पोखरून काढणाऱ्या पेशी आणि नवे हाड रचणाऱ्या पेशी आयुष्यभर शेजारी-शेजारी काम करत असतात. तरुणपणी रचणाऱ्यांची सरशी असते, पुढे दोघींचा मेळ बसतो. पोखरणाऱ्या पेशींना आवर घालण्याचे मोठे काम इस्ट्रोजेन हे संप्रेरक करते, आणि पाळी थांबताना तेच ओसरते. भारतीय स्त्रीची पाळी सरासरी ४६-४७ व्या वर्षी थांबते, पाश्चात्त्य देशांतल्या स्त्रियांपेक्षा चार-पाच वर्षे लवकर. त्यानंतरच्या पाच-सात वर्षांत हाडांची झीज इतक्या वेगाने होते की काही जणींची घनता एक-दशांशाने, काहींची तर एक-पंचमांशानेही घटते. या काळात दुखत काहीच नाही. न्हाणीघरात पाय घसरून मनगट मोडते किंवा खुब्याचे हाड तुटते, तेव्हा झीज पहिल्यांदा कळते.

ही झीज रोखण्याचा एक मार्ग हाडाच्या रचनेतच आहे. हाडाच्या आत खोलवर रुतलेल्या पेशींना हाड किती वाकते, किती दाबले जाते, याची जाणीव होते, आणि त्या हिशेबाने त्या नवे हाड रचण्याचा हुकूम सोडतात. भार पडेल तसे हाड घडते, हे तत्त्व जर्मन शल्यचिकित्सक युलियस वोल्फ यांनी १८९२ मध्ये मांडले. उलट बाजूने त्याचा पडताळा अंतराळात मिळाला : भार नसलेल्या अवस्थेत अंतराळवीरांच्या खुब्याच्या हाडाची घनता दर महिन्याला एक ते दीड टक्का कमी होते. मात्र या पेशी सवयीच्या भाराला फारशी दाद देत नाहीत. तोच हलका भार हजार वेळा दिला तरी त्या स्वस्थ राहतात. मोठा, नेहमीपेक्षा वेगळा भार मोजक्या वेळा मिळाला की जाग्या होतात. चालण्याचा कमकुवतपणा इथे आहे. जी बाई वर्षानुवर्षे चालतेच आहे तिच्या हाडांना चालण्यात नवे काही वाटत नाही. पाळी थांबलेल्या स्त्रियांवरचे अनेक प्रयोग एकत्र तपासले तेव्हा नुसत्या चालण्याचा कण्याच्या हाडांवर म्हणण्यासारखा परिणाम आढळला नाही, खुब्यावर थोडासा आढळला. पोहणे फुप्फुसांना आणि सांध्यांना उत्तम, पण पाणी भार तोलून धरते, त्यामुळे हाडांच्या दृष्टीने तेही अपुरेच.

मग वजन उचलल्याने काय होते? अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठाचा एक प्रयोग १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला. पन्नास ते सत्तर वयाच्या, पाळी थांबलेल्या ३९ स्त्रियांपैकी निम्म्या जणींनी वर्षभर आठवड्यातून दोनदा जड वजनांचा व्यायाम केला. त्यांच्या खुब्याची आणि कण्याची घनता सुमारे एक टक्क्याने वाढली. ज्यांनी केला नाही त्यांची दोन टक्क्यांच्या आसपास घटली. त्याहून धाडसी प्रयोग ऑस्ट्रेलियातल्या ग्रिफिथ विद्यापीठात बेलिंडा बेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. हाडे आधीच विरळ झालेल्या, सरासरी पासष्ट वर्षांच्या १०१ स्त्रिया त्यांनी निवडल्या. एरवी अशा स्त्रीला ‘जड काही उचलू नका’ असेच सांगितले जाते. इथे निम्म्या जणींना आठ महिने, आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास, तज्ज्ञाच्या नजरेखाली जमिनीवरून वजन उचलायला, खांद्यावर वजन घेऊन बैठका मारायला, डोक्यावर वजन रेटायला आणि उडी मारून जमिनीवर उतरायला लावले. वजन हळूहळू इतके वाढवले की एका दमात पाचच वेळा उचलता यावे. त्यांच्या कण्याची घनता २.९ टक्क्यांनी वाढली, घरी हलका व्यायाम करणाऱ्या गटाची १.२ टक्क्यांनी घटली. एकीची कंबर काही काळ धरली, याखेरीज इजा झाली नाही. देखरेख नसती तर हे एवढ्या निर्धास्तपणे म्हणता आले नसते, हे खरे. आणि ज्यांच्या मणक्याचे हाड आधीच मोडलेले आहे त्यांनी डॉक्टरांना आणि फिजिओथेरपिस्टला विचारल्याशिवाय या वाटेला जाऊ नये. पण ‘हाडे नाजूक, म्हणून भार नको’ ही समजूत या प्रयोगाने पार उलटी केली.

हाडे ही अर्धीच बाजू. दुसरी स्नायूंची, आणि तिथे आपल्या मराठी मुलुखातले संशोधन जगभर वाखाणले गेले आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या सहा गावांतली नवजात बाळे आणि इंग्लंडमधील साउदॅम्प्टनची बाळे यांची मापे शेजारी ठेवून पाहिली. आपली बाळे सरासरी २.७ किलोंची, तिथली ३.५ किलोंची. पण हा फरक सगळीकडे सारखा नव्हता : आपल्या बाळांचे स्नायू फार कमी होते, चरबी मात्र बऱ्यापैकी टिकून होती. दिसायला किडकिडीत, आतून चरबीदार, ही भारतीय ठेवण जन्मापासूनची आहे. याज्ञिकांनी पुढे २००४ मध्ये स्वतःचे आणि इंग्रज सहकारी जॉन युडकिन यांचे छायाचित्र ‘लॅन्सेट’मध्ये छापले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन तंतोतंत सारखे, पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२ टक्के. वजनकाट्यावर भरवसा ठेवणाऱ्या प्रत्येक बाईने हे दोन आकडे लक्षात ठेवावेत.

जेवणानंतर रक्तात आलेली साखर इन्सुलिनच्या सांगण्यावरून उचलून घेण्याचे काम सर्वांत जास्त स्नायू करतात. स्नायू कमी म्हणजे साखर साठवायला जागा कमी. तिशीनंतर दर दहा वर्षांत तीन ते आठ टक्के स्नायू झडत जातात, साठीनंतर आणखी वेगाने. आपल्या बाईची सुरुवातच कमी पुंजीवर झालेली असते; त्यात बाळंतपणे, अपुरी प्रथिने आणि पंडुरोग. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांमध्ये रक्त कमी आढळले, आणि याच पाहणीत सुमारे ४० टक्के स्त्रियांच्या कमरेचा घेर ८० सेंटिमीटरच्या मर्यादेबाहेर गेलेला दिसला. म्हणजे कुपोषण आणि पोटावरची चरबी एकाच घरात, पुष्कळदा एकाच अंगात नांदतात. अशा बाईला केवळ ‘वजन उतरवा’ म्हटले आणि तिने जेवण तोडले, तर चरबीबरोबर स्नायू आणि हाडही जाते. काटा खाली येतो, ती खूश होते, आणि मूळ दुखणे वाढते. ताकदीच्या व्यायामाने काटा कदाचित हलणारही नाही, पण आकुंचन पावणारा स्नायू इन्सुलिनची वाट न पाहताही साखर आत घेतो, आणि वाढलेला स्नायू दिवसरात्र ती घेत राहतो. अमेरिकेतल्या चार लाखांहून अधिक प्रौढांची माहिती २०२४ मध्ये तपासली गेली, तेव्हा नियमित ताकदीचा व्यायाम करणाऱ्या स्त्रियांमध्ये मृत्यूचा धोका न करणाऱ्यांपेक्षा १९ टक्क्यांनी कमी आढळला. पुरुषांत हाच फरक ११ टक्के होता. हे निरीक्षण आहे, प्रयोग नव्हे. व्यायाम करणाऱ्या बायका मुळातच धडधाकट असण्याचा संभव त्यात राहतो. तरीही फायद्याचा कल बाईच्या बाजूने आहे, आणि त्याच तपासणीत असा व्यायाम करणाऱ्या स्त्रिया पाचांत एक एवढ्याच होत्या.

इथे सगळ्यात मोठा आणि सगळ्यात न्याय्य आक्षेप पुढे येतो. ‘आम्ही दिवसभर राबतो ते काय कमी आहे? धुणी, भांडी, पाणी, शेत; आणखी वेगळा व्यायाम कशाला?’ राबणे खोटे नाही. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत घरातले बिनपगारी काम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटे घालवतात असे दिसले. असे काम करणारे पुरुष ८८ मिनिटे. शिवाय सुरुवातीला सांगितलेल्या ५७ टक्क्यांच्या हिशेबात घरकाम आणि कामावरची मेहनत धरलेलीच आहे. तरी आकडा तेवढा आहे. कारण शहरी घरकामाचा बराचसा भाग उभ्याने, वाकून, हलक्या हाताने आणि लांबलचक वेळ चालणारा असतो. त्याने कंबर दुखते, पाय भरून येतात, पण मांडीच्या किंवा पाठीच्या स्नायूला वाढावे असे वाटेल एवढा भार त्यात नसतो. खेड्यातल्या बाईचे तसे नाही. तिथे भार खराच आहे. डोक्यावरचा हंडा पंधरा किलोंच्या घरात जातो. पण तोच पुण्याजवळचा अभ्यास इथे डोळे उघडतो. त्या सहा गावांतल्या गर्भार स्त्रियांची शेतकाम, पाणी आणणे, धुणे अशी कष्टाची कामे मोजली गेली, आणि ज्यांच्या वाट्याला जास्त कष्ट त्यांची बाळे लहान, असे दिसून आले. या आयांचे गर्भारपणाआधीचे वजन सरासरी ४२ किलोंच्या आसपास होते. अंगात पुरेसे अन्न नाही, मध्ये विसावा नाही, भार कधी आणि किती हे ठरवणे आपल्या हाती नाही, अशा मेहनतीला व्यायाम म्हणता येत नाही. व्यायामात भार आपण ठरवतो, स्नायूला सावरायला एक-दोन दिवस देतो, मग थोडा वाढवतो, आणि त्या जोडीने खातो. डेन्मार्कचे आंद्रेआस होल्टरमन आणि इतर संशोधक फावल्या वेळातली मेहनत आणि पोटासाठीची मेहनत यांचे परिणाम वेगळे का, हे बरीच वर्षे तपासत आहेत. जड काम करणाऱ्या पुरुषांत अपमृत्यूचा धोका वाढलेला दिसतो; स्त्रियांबाबत चित्र तितके स्पष्ट नाही. एवढे मात्र नक्की की राबणाऱ्या बाईला आधी उसंत आणि ताटात डाळ, अंडे, शेंगदाणे हवेत. तिच्या कष्टाचे कौतुक करून तिला व्यायामातून वगळणे आणि तिच्या थकव्याकडे न पाहता तिच्यावर व्यायाम लादणे, दोन्ही चूक.

दुसरा आक्षेप भीतीतून येतो : जड उचलले की गर्भाशय खाली सरकते. जोराचे काम बाईच्या शरीराला झेपत नाही, ही भीती केवळ आपल्याकडची नव्हे. १९२८ च्या ॲमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये बायका प्रथमच ८०० मीटर धावल्या. शर्यतीनंतर त्या कोलमडल्याच्या अतिरंजित बातम्या आल्या आणि ती शर्यत १९६० पर्यंत बायकांसाठी बंद झाली. पण भीतीत सत्याचा अंश आहे, तो झटकून टाकू नये. योनीमार्गे झालेली बाळंतपणे, जुनाट खोकला, बद्धकोष्ठ आणि बाळंतपणानंतर लगेच करावी लागणारी ओझ्याची कामे यांनी ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैलावतात, आणि शिंकताना-खोकताना लघवी होणे हे कित्येक जणी लाजेपोटी वर्षानुवर्षे लपवतात. त्यावर इलाजही व्यायामच आहे. हे तळाचे स्नायू आवळून धरायचे आणि सोडायचे, हा आर्नल्ड केगेल यांनी १९४८ मध्ये मांडलेला व्यायाम नेमाने केल्यास लघवीची तक्रार बरीच कमी होते, हे पुढच्या अनेक चाचण्यांनी दाखवले. ज्या बाईला ही तक्रार आहे तिने तिथून सुरुवात करावी, वजन उचलताना श्वास कोंडू नये, जोर लावताना सोडावा, आणि खाली जडपणा वाटला तर थांबून तज्ज्ञाला दाखवावे. तक्रार नसलेल्या बाईला वजनापासून दूर ठेवण्याला मात्र आधार नाही. आणि ‘दंड फुगतील, पुरुषी दिसेन’ ही धास्ती तर सोडूनच द्यावी : प्रौढ पुरुषाच्या रक्तातले टेस्टोस्टेरॉन स्त्रीच्या सुमारे पंधरा पट असते. टोकियो ऑलिंपिकमध्ये एकूण २०२ किलो उचलून रौप्यपदक मिळवणारी मीराबाई चानू ४९ किलो गटात खेळली. मावळातल्या वडगावची हर्षदा गरुड २०२२ मध्ये एकूण १५३ किलो उचलून कनिष्ठ गटाची जागतिक विजेती झाली ती ४५ किलो गटात.

योगासने पुरेशी नाहीत का, असेही विचारले जाते. आसनांनी तोल आणि लवचीकता येते, पाठ सैल होते, मनाची तगमग कमी होते. पडण्याचा धोका घटवण्यात तोलाचा वाटा मोठा आहे. सूर्यनमस्कार तर एक पाऊल पुढे आहे. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी तो संस्थानातल्या शाळांत आणला आणि स्त्रियांनीही घालावा असा आग्रह धरला, हे त्या काळात मोठेच काम होते. साष्टांगाच्या अवस्थेत हातांवर, छातीवर खरा भार येतो. अडचण इतकीच की भार स्वतःच्या वजनाएवढाच राहतो. बारा घालणारी बाई शंभर घालू लागते तेव्हा तिचा दम वाढतो, ताकद एका मर्यादेनंतर थांबते. आपल्या तालमींना हे ठाऊक होते. जोर-बैठकांच्या जोडीला तिथे करेला, गदा अशी वजनाची साधनेही होती. ती तालीम बायकांसाठी नव्हती, एवढाच तिचा दोष.

प्रत्यक्षात काय करायचे हे फार अवघड नाही. खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे, भिंतीला आणि पुढे ओट्याला टेकून जोर काढणे, जमिनीवरून पाठ सरळ ठेवून वजन उचलणे, ते डोक्यावर नेणे, आणि दार किंवा खिडकीला बांधलेला रबरी पट्टा स्वतःकडे ओढणे, एवढ्यात अंगातले सगळे मोठे स्नायू येतात. डंबेल नसतील तर पाण्याच्या बाटल्या, पाच लिटरचा तेलाचा डबा, तांदळाची पिशवी चालते. खूण एकच : आठ-दहा वेळा केल्यावर शेवटचे दोन कष्टाने जमले पाहिजेत. पंधरा सहज होऊ लागले की वजन वाढवायचे, नुसती संख्या नव्हे. आठवड्यातून दोन दिवस, वीस-पंचवीस मिनिटे. उरलेल्या दिवशी खुशाल चालावे. हिमोग्लोबिन फार कमी असेल, रक्तदाब चढलेला असेल, छातीत दुखत असेल तर आधी उपचार. गर्भारपणात गुंतागुंत नसेल तर डॉक्टरांना विचारून व्यायाम चालू ठेवता येतो. वयाची सबब तर उरलेलीच नाही. बॉस्टनमध्ये मारिया फियाटारोने यांनी १९९० मध्ये शुश्रूषागृहातल्या, सरासरी नव्वद वर्षे वयाच्या दहा वृद्धांकडून आठ आठवडे पायांचा जड व्यायाम करून घेतला; पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. पुढे शंभर वृद्धांवर तोच प्रयोग झाला, त्यात बहुतांश स्त्रिया होत्या, आणि व्यायामाशिवाय नुसता पौष्टिक आहार देऊन ताकद वाढली नाही हेही त्यात दिसले.

नव्वदीत सुरुवात करता येते, पण हाडांची खरी कमाई होते ती फार आधी. कॅनडात मुलींची वर्षानुवर्षे मोजणी झाली तेव्हा प्रौढपणीच्या एकूण हाडातला सुमारे चौथा हिस्सा पौगंडावस्थेतल्या अवघ्या दोन वर्षांत जमा होतो, आणि मुलींमध्ये ही वर्षे साडेबारा वयाच्या आगेमागे येतात, असे दिसले. फिनलंडमधल्या टेनिस आणि स्क्वॉश खेळाडू स्त्रियांत, ज्यांनी पाळी सुरू होण्याआधी किंवा त्याच सुमारास खेळ सुरू केला त्यांच्या खेळत्या हाताच्या हाडाला झालेला फायदा उशिरा सुरू करणाऱ्यांच्या दुप्पट ते चौपट होता. आपल्याकडे नेमक्या याच वयात, सहावी-सातवीत, मुलीचे खेळणे सुटते. पाळी आली म्हणून तिला खेळाच्या तासाला बाजूला बसवतात, क्लास लागतात, मैदान मुलांकडे जाते. लंगडीत एका पायावर सगळे अंग येते, खो-खोत धावता-धावता थांबून दिशा बदलावी लागते, झिम्मा-फुगडीत आणि दोरीच्या उड्यांत जमीन पायाला धक्का देते; हाडातल्या पेशींना जागे करणारा, नेहमीपेक्षा वेगळा भार तो हाच. पाळीच्या दिवसांत खेळू नये याला वैद्यकीय आधार नाही. पोटात दुखत असेल तर त्या दिवशी बसायचे की खेळायचे हे मुलीने ठरवावे, आणि शाळेने तिच्यासाठी स्वच्छतागृह, पाणी आणि मैदानावरची तिची जागा राखून ठेवावी.